लाल पट्टीचा गेज

प्रिय छोट्या,

चौतीस वर्षांच्या बाप्याला छोट्या म्हणते म्हणून नाक मुरडू नकोस. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी माझी हाक हीच राहणार. पाकीट बघून आधी घाबरला असशील, म्हणून लगेच सांगते: आप्पा बरे आहेत, मी बरी आहे, कुणाला काही झालेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुझा फोन येतो, आपण बोलतो, मग ताईच्या डोक्यात हे पत्राचं काय नवीन खूळ शिरलं, असं वाटेल तुला. अरे, यात जे लिहायचंय ते मी फोनवर तीनदा सांगायला घेतलं होतं. तिन्ही वेळा तुला बरोबर वास लागला आणि तू म्हणालास, ‘राहू दे गं ताई.’ आणि मी राहू दिलं. तुझं ते ‘राहू दे’ फार सोयीचं असतं, त्याच्या आड नऊ वर्षं आरामात लपून बसता येतं. कागद काही मला राहू दे म्हणणार नाही. तेव्हा चहा करून घे, निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून घडी घालून खिशात टाकलंस तर माझी शपथ आहे.

आधी इकडचं सांगते. वर्कशॉप चालू आहे, रडतखडत का होईना. दोन्ही लेथ जागच्या जागी आहेत, तुझं आटे पाडायचं मशीनही आहे. त्यावर आता मुके मामा बसतात. त्यांचं तोंड अजून काही मिटलेलं नाही. सकाळी कुलूप उघडलं की सुरू होतात ते शटर ओढेपर्यंत. त्यांना ‘मुके’ हे नाव कुणी ठेवलं ते सगळे विसरले, मी विसरलेले नाही. पाइपांचे सॉकेट आता बाहेरून तयार येतात म्हणून आपण ते बनवायचं बंद केलं. सळया जोडायची लांब कपलिंग मात्र लोक अजून आपल्याकडूनच नेतात. आप्पा म्हणतात, सॉकेट बिघडलं तर पाणी गळतं, कपलिंग बिघडलं तर माणसाच्या डोक्यावर येतं, म्हणून तिथे गिऱ्हाईक आपण होऊन नीट बघतं. आप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते तुला सांगितलंच होतं, आता डावा करायचाय. चष्मा कपाळावर चढवतात आणि घरभर शोधत फिरतात, मी मुद्दाम सांगत नाही. गुडघे कुरकुरतात, पण राग अजून तसाच नाकावर. तू लोकांच्या घरी पडदे बसवून देतोस हे मी त्यांना तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग जेवता जेवता म्हणाले, पडद्याची दांडी लांब असली तर मधे जोड द्यावा लागत असेल, त्याला आटे असतात की नुसती खोबण? मी म्हटलं, मला काय माहीत, त्यालाच विचारा ना. झालं! ताटावरून उठले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण बघ, जोड कसा असेल याचा विचार डोक्यात चालू होताच की.

आता मुद्द्याचं. बारा दिवसांपूर्वी, शुक्रवारी, दुपारी सगळे जेवायला गेले होते आणि आप्पा तुझं मशीन पुसत होते. ते मशीन ते स्वतः पुसतात, मामांना हात लावू देत नाहीत. पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘त्याला लिही. म्हणावं, झालं ते झालं. मी माफ केलंय. ये म्हणावं घरी, आणि तिलाही घेऊन ये.’ एवढं बोलून नाक शिंकरायला बाहेर गेले. छोट्या, या एका वाक्यासाठी मी नऊ वर्षं जीव टाकत होते. एक वेळ दगड हलला असता पण आप्पा हलत नव्हते. आणि ते वाक्य कानावर पडलं तेव्हा मला आनंद झाला नाही. कारण मी तुला ओळखते. मी लिहिलं असतं तर तू आला असतास. बायकोला घेऊन, हातात काहीतरी खाऊ घेऊन आला असतास, आप्पांसमोर मान खाली घालून उभा राहिला असतास आणि ती माफी घेऊन, एक अक्षर न बोलता, परत गेला असतास. आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत उभी राहिले असते. नऊ वर्षांपूर्वी एकदा गप्प राहिले, ते एक वेळ भीतीने राहिले म्हणता येईल. आता पुन्हा राहिले असते तर त्याला काय म्हणायचं? नऊ दिवस मी ती ओळ पोटात घेऊन फिरले. लिहायला बसायचे आणि उठायचे.

तुला आठवतं, आप्पांनी मला तपासणीच्या स्टुलावर बसवलं तो दिवस? बाईमाणसाला गेजातलं काय कळणार म्हणून तोंडावर हसणारे होते, आणि आप्पांनी सगळ्यांसमोर गेजची पेटी माझ्या मांडीवर ठेवून म्हटलं होतं, आजपासून हिने मान हलवल्याशिवाय एक नग दाराबाहेर जाणार नाही. आई गेल्यापासून मी तुझी वेणीफणी सोडून सगळं केलं होतं, घर सांभाळलं होतं, पण ‘तुझ्या शब्दावर माल जाईल’ असं मला कुणी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतं. त्या दिवसापासून तू मला साहेबीण म्हणायला लागलास. वर वर चिडायचे, पण मनातून गुदगुल्या व्हायच्या.

हे पत्र तुझ्या बायकोलाही वाचायला दे. तिचंही नाव त्या दिवशी विनाकारण ओढलं गेलं होतं, तिला कळायलाच हवं. म्हणून हे थोडं तिच्यासाठी लिहिते, तू जांभया देऊ नकोस. बाई गं, कपलिंग म्हणजे एक लांबुडका नट. दोन सळया दोन्हीकडून फिरवत आत घ्यायच्या, मध्यावर टेकल्या की जोड पक्का. आतले आटे बरोबर पडलेत का ते बघायला गेज असतो, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पोलादी दांडा. एक टोक बोटांनी फिरवत सहज आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर आटे घट्ट, सळई अडकणार. दुसरं शिरलं तर आटे सैल, सळई निसटणार. पण हजार वेळा आत-बाहेर करून गेज स्वतःच झिजतो. झिजला की घट्ट नगातही सुळ्ळकन जातो आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगतो. म्हणून आमच्याकडे शिस्त अशी की झिजलेल्या गेजला लाल पट्टी रंगवायची आणि त्याच दिवशी ग्राइंडरवर त्याचे आटे घासून टाकायचे, म्हणजे चुकून कुणी वापरायला नको. आप्पांनी जन्मभर सगळे गेज घासले. एक सोडून. त्यांच्या उस्तादांनी त्यांना दिलेला पहिला गेज होता तो. त्याला लाल पट्टी रंगवली, पण घासायला हात धजेना, म्हणून फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवून दिला. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्याचं मन, म्हणून कुणी काही बोलायचं नाही.

आणि आता तो दिवस. पाइप टांगायच्या सळयांसाठी कपलिंगची मोठी ऑर्डर होती आणि सहा दिवसांत माल द्यायचा होता. तू आप्पांची नक्कल करत होतास. चष्मा कपाळावर, हात पाठीमागे, ‘हे आटे पाडलेत की उंदराने कुरतडलंय?’ हुबेहूब आवाज. मी हसून हसून मुरकुंडी वळून पडायची राहिले, आणि हातातला गेज निसटून फरशीवर आदळला. तूच उचललास. शर्टाला पुसून माझ्या हातात दिलास आणि विचारलंस, ‘लागलं नाही ना गं त्याला?’ मी म्हटलं, काही नाही झालं. तू वळल्यावर नखाने बघितलं तर पुढचा आटा चेपला होता. चांगल्या कपलिंगमध्येही तो शिरेना. त्याच क्षणी आप्पांकडे जायला हवं होतं. दहा पावलांवर तर बसले होते ते. पण महिन्याभरापूर्वीच मायक्रोमीटर पाडला म्हणून मी मामांना सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं होतं की ते दोन तास खरोखरचे मुके झाले होते. आता कुठल्या तोंडाने सांगू, साहेबिणीच्या हातून गेज पडला म्हणून? मला हसणारे अजून तिथेच होते. गेजवाल्याला गुपचूप फोन केला, तो म्हणाला नवीन यायला आठ दिवस लागतील. मग दुपारच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना मी आप्पांचा खण उघडला, उस्तादांचा गेज घेतला आणि ब्लेडने त्याची लाल पट्टी खरवडून काढली. दोन मिनिटांचं काम होतं. हात थरथरला असं लिहायला आवडलं असतं मला, पण नाही थरथरला. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनाला सांगितलं आणि स्टुलावर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी तू माझ्याकडे आलास. म्हणालास, ‘ताई, हात जड लागतोय. आटे पाडायचा टॅप झिजलाय वाटतं. बघ बरं एकदा नीट.’ मी तुझ्यासमोर गेज फिरवला. सुळ्ळकन गेला. मी म्हटलं, ‘जातोय की! तुझं लक्ष कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे. चालू दे.’ तू तेव्हा हिला भेटायला संध्याकाळी पाच वाजले की धूम ठोकायचास, त्यावरून मी तुला चिडवत होते. तू लाजलास आणि परत मशीनवर गेलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलास. पुन्हा तेच, हात जड लागतोय. टॅप बदलायचा की नाही ते गेजने ठरवायचं हा आपल्याकडचा नियमच, आणि गेज माझ्या हातात. या वेळी मी चिडले. म्हटलं, ‘गेजपेक्षा तुझा हात शहाणा का रे?’ छोट्या, होता. तुझा हात शहाणाच होता. ते वाक्य मी त्या दिवसापासून किती वेळा गिळलं असेल त्याला गणती नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या हाताने लिहू दे. सळया दुसरीकडून थेट कामावर गेल्या होत्या, त्यामुळे आपल्याकडे कुणी एक सळई घालून बघितली नव्हती. तिथे शिडीवरच्या फिटरला सळई जाईना, म्हणून त्याने पान्याने जोर लावून ओढली. चार आटे धरले आणि अडकून बसली. खालून बघणाऱ्याला जोड पक्का दिसला. पाइपात पाणी सोडल्यावर वजनाने जोड सुटला आणि पाइप त्याच्या खांद्यावर आला. आप्पा तिथून कपलिंगचं पोतं घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. नेमका त्याच सकाळी नवीन गेज येऊन माझ्या पेटीत पडला होता. आप्पांनी सगळ्यांसमोर एकेक कपलिंग काढून त्याने तपासलं. पहिल्यात जाईना, दुसऱ्यात जाईना, दहाव्यात जाईना. मग माझ्याकडे वळले. ‘तू तपासलेस तेव्हा गेज जात होता?’ मी म्हटलं, ‘हो.’ शब्द खरा होता रे. खऱ्या शब्दाने इतकं धडधडीत खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. आप्पांनी हिशोब लावला की तू तपासलेल्या पेटीत न तपासलेला माल सारलास, तिच्याकडे लवकर पळायला मिळावं म्हणून. आणि मग ते बोलले ते बोलले. ‘तुझ्या हाताला काही कळत नाही, तुला तर त्याहून नाही. पुन्हा लोखंडाला हात लावू नकोस.’ तू माझ्याकडे एकदा बघितलंस. एकदाच. मी मान खाली घालून पुसलेलंच कपलिंग पुन्हा पुसत होते. तू तेलाचा डबा जागेवर ठेवलास, साबणाने दोनदा हात धुतलेस आणि गेलास. मला वाटलं होतं संध्याकाळपर्यंत येशील.

त्यानंतर मी काय केलं ते ऐक. चेपलेला गेज मोज्यात घालून शिवणाच्या मशीनच्या खणात टाकला. उस्तादांच्या गेजला पुन्हा लाल पट्टी हवी होती. घरात लाल रंग म्हणून एकच होता, माझं नेलपॉलिश. दोन हात दिले, वाळू दिलं, फडक्यात गुंडाळून परत ठेवून दिला. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता तू आता राहतोस त्या गावाला गेलास, तुमचं लग्न झालं, आम्हाला फोटो आला, आप्पांनी तो उपडा ठेवला. दर वेळी वाटायचं, आता सांगून काय होणार, आप्पांना उलट त्रासच व्हायचा. स्वतःला वाचवायला माणूस दुसऱ्याच्या तब्येतीची केवढी काळजी करतो! मालाच्या बाबतीत मात्र मी इतकी कडक झाले की लोक मला घाबरतात. प्रत्येक नग दोनदा तपासते. मामा म्हणतात, साहेबीणबाई देवाने दिलेले दात पण गेज लावून बघतील.

आप्पांना सांगायच्या आधी मी त्या फिटरला भेटून आले. गेल्या गुरुवारी. शिडी त्याने सोडलीय, आता एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असतो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘बाई, खांदा नऊ वर्षं दुखतोय आणि तुम्ही आज आलात?’ मी म्हटलं, हो, आज आले. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने स्क्रू दिले, आणि मग आपणहून बोलायला लागला. म्हणाला, ‘तुमचा भाऊ रोज यायचा दवाखान्यात. मला डाव्या हाताने जेवता यायचं नाही, तो भरवायचा. मी एकदा विचारलं, कशी रे झाली चूक? तर म्हणाला, माझ्या हाताला कळलं होतं, मी थांबायला हवं होतं.’ छोट्या, तू त्याच्याकडे रोज जात होतास हे मला नऊ वर्षांनी एका काउंटरवर कळलं. आणि त्यालासुद्धा तू सांगितलं नाहीस, की मी थांबलो होतो, दोनदा थांबलो होतो, ताईने चालू दे म्हटलं. मी दुकानाबाहेर येऊन फुटपाथवर उभ्याउभ्याच रडले. लोक वळून बघत होते, बघू देत म्हटलं.

रविवारी सकाळी आप्पा पेपर वाचत होते तेव्हा दोन्ही गेज त्यांच्यासमोर ठेवले आणि सांगून टाकलं. पडल्यापासून नेलपॉलिशपर्यंत सगळं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त उस्तादांचा गेज हातात घेतला, नखाने पट्टीचा कोपरा उचकटला आणि म्हणाले, ‘डोळा केल्यावर खण उघडला होता तेव्हा वाटलं होतं, हा लाल एवढा चकचकीत कसा. डॉक्टर म्हणाला होता रंग झगझगीत दिसतील, म्हणून सोडून दिलं.’ मग उठले, चपला घातल्या, आणि आम्ही वर्कशॉपला गेलो. त्यांनी त्या वेळच्या पोत्यातलं एक कपलिंग काढलं. हो, ते पोतं त्यांनी ठेवलंय, फेकलेलं नाही. नवीन गेज लावला, गेला नाही. उस्तादांचा लावला, गेला. चारदा लावून बघितला. मग मला विचारलं, ‘तो काही म्हणाला होता तुला तेव्हा?’ मी म्हटलं, दोनदा म्हणाला, हात जड लागतोय म्हणून. आप्पांनी चष्मा काढला. मग म्हणाले, ‘म्हणजे त्याच्या हाताला कळलं होतं.’ माझ्याशी नव्हते बोलत, तुझ्या मशीनकडे बघून बोलत होते. ‘कळलं होतं त्याच्या हाताला.’ आणि आप्पा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

दोन दिवस आप्पा मी केलेला चहा पीत होते, पण बघत नव्हते माझ्याकडे. माझं काही म्हणणं नाही, माझ्या वाट्याचं होतं ते. आज सकाळी स्वतः बोलले. म्हणाले, ‘तू चुकलीस ती चुकलीसच. पण तो गेज मी घासला असता तर तुला खणात काय मिळालं असतं? शिस्त लोकांसाठी आणि लळा माझ्यासाठी, असं केलं मी.’ मग शिकंज्यात तो गेज पकडला आणि हॅक्सॉ घेऊन कापायला लागले. पक्कं कडक केलेलं पोलाद ते, पातं नुसतं वरून घसरायला लागलं. तीन पाती मोडली. मी म्हटलं, आप्पा, ग्राइंडरशिवाय होणार नाही आणि ग्राइंडर तुमच्या हाताला झेपणार नाही. मामा पुढे झाले, तर त्यांच्यावर खेकसले, ‘तू नको.’ मला कळलं कोण हवंय ते. मामांनाही कळलं असावं, कारण ते चक्क गप्प बसले.

त्यानंतर मी विचारलं, ती ओळ लिहू का, माफ केलंय, ये म्हणून? अकरा-बारा दिवस झाले, अजून लिहिलेली नाही. तर म्हणाले, ‘खोड ती. त्याला माफ करणारा मी कोण? आणि ये म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने? त्याला विचार, मी आलो तर चालेल का.’ तर छोट्या, हे पत्र तुला बोलवायला नाही, विचारायला आहे. आम्ही येऊ का? तुझ्या घरी, तुझ्या दारात, आप्पा आणि मी. चार तासांचा बसचा प्रवास आहे, त्यांच्या गुडघ्यांना जमणार नाही असं मी म्हटलं तर माझ्या अंगावर आले. पत्र पेटीत पडायच्या आत त्यांनी पिशवी भरलीय. त्यात दोन सदरे, डोळ्यांचं औषध आणि फडक्यात गुंडाळलेला तो गेज आहे. पडद्याच्या दांड्या कापायला तुझ्याकडे ग्राइंडर असेलच म्हणतात, त्यावर तू तो घासावास. नंतर मला विचारलं, ‘सुनेला काय आवडतं?’ आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, कारण नऊ वर्षांत दोघांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. तेवढं तिला विचारून कळव. तुला माहीत होतं ना रे, त्या दिवशी, माझ्याकडे बघितलंस तेव्हा? गेज पडलेला तू स्वतः उचलला होतास. माहीत असेल तर त्यावर माझ्याकडे बोलायला तोंडच नाही, आणि नसेल तर आता झालं. आमच्या येण्याला हो म्हण, नाही म्हण, मला चार शिव्या घाल, आप्पांना पाच घाल, दार लावून घे, काय वाटेल ते कर. फक्त ‘राहू दे गं ताई’ म्हणू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच
ताई